एका रकान्यात मावलेला खंड

मिनिॲपोलिसला फॅमिली फिजिशियन असलेली माझी एक वर्गमैत्रीण आहे. एमबीबीएसला आम्ही एकाच बॅचमध्ये वॉर्डावॉर्डांतून फिरलो. ती तिकडे गेली, मी इथे सरकारी रुग्णालयात राहिलो. दिवाळीला फोन होतो तेव्हा मुलाबाळांची चौकशी पाच मिनिटांत उरकते आणि मग आम्ही रुग्णांवर येतो. गेल्या खेपेला ती एका सोमाली बाईबद्दल बोलत होती. वय सेहेचाळीस, मिनेसोटात येऊन सोळा वर्षे झालेली, पाच मुले, त्यातली तीन तिथेच जन्मलेली. मधुमेहासाठी दर तीन महिन्यांनी दवाखान्यात यायची. म्हणजे डॉक्टर कधी भेटलेच नाहीत, अशातली गोष्ट नाही. वर्षभर तिच्या अंगावरून अधूनमधून लाल जात होते. पाळी जायची वेळ आली म्हणून असेल, असे तिने धरून चालले होते. शिवाय सांगायचे कसे? दवाखान्यात दुभाषा म्हणून तिचा थोरला मुलगा सोबत असायचा. एक दिवस मुलाला कामावरून सुटी मिळाली नाही, फोनवर दुभाषी म्हणून एक बाई मिळाली आणि त्या दिवशी हिने तोंड उघडले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला.

इथपर्यंतची गोष्ट आमच्या ओपीडीतही घडते. मुलाऐवजी सासू असते, एवढाच फरक. मैत्रिणीला टोचली ती पुढची गोष्ट. या रुग्णाची कर्करोग नोंदणी झाली तेव्हा ‘वंश’ या रकान्यात ‘ब्लॅक’ असे भरले गेले आणि ‘जन्मस्थान’ हा रकाना मोकळाच राहिला. मोगादिशूत जन्मलेली, केनियातल्या निर्वासित छावणीत तरुणपण काढलेली ही बाई आकडेवारीत अशा स्त्रियांत मिसळून गेली, ज्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी गुलाम म्हणून अमेरिकेत आणले गेले होते. दोघींच्या कातडीचा रंग सोडला तर भाषा, आहार, लहानपणीचे आजार, डॉक्टरांशी आलेला संबंध यांतले काहीच जुळत नाही.

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मलेले वीस लाखांहून अधिक लोक आज अमेरिकेत राहतात. त्यांच्यातल्या स्त्रियांत स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण किती, असे विचारले तर अमेरिकेसारख्या आकड्यांच्या देशालाही सरळ उत्तर देता येत नाही. तिथली कर्करोग नोंदणी उत्तम आहे, पण ती वंशाच्या रकान्यांवर उभी आहे आणि जन्मस्थानाची माहिती अनेक रुग्णांबाबत नसतेच. असते तेव्हा ती बऱ्याचदा मृत्यूच्या दाखल्यावरून आलेली असते, कारण दाखल्यावर जन्मस्थान लिहावेच लागते. याचा परिणाम विचित्र होतो. जी बाई बरी होऊन घरी गेली तिचे जन्मस्थान कोरे राहते, जी दगावली तिचे मात्र कळते. अशा नोंदींवरून ‘आफ्रिकेत जन्मलेल्या स्त्रिया किती जगतात’ हे काढायला गेले, तर उत्तर आधीच वाकडे झालेले असते.

हे असेच असायला हवे असे नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या देशांत प्रत्येक रहिवाशाला एक ओळख क्रमांक असतो. जन्मदेश, तपासणीचे निमंत्रण आणि पुढे झालेला आजार या तिन्ही नोंदी त्या क्रमांकाने एकमेकींना जोडता येतात. त्यातूनच नॉर्वेत दिसून आले की, मॅमोग्राफीच्या निमंत्रणाला तिथेच जन्मलेल्या स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश येतात, पाश्चात्त्येतर देशांतून आलेल्यांपैकी मात्र निम्म्याच्या आसपासच. इंग्लंडमध्ये ‘ब्लॅक आफ्रिकन’ आणि ‘ब्लॅक कॅरिबियन’ हे रकाने निदान वेगळे आहेत. आणि लांब कशाला, मुंबईत १९६३ साली डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली, तेव्हा धर्माचा रकाना ठेवला होता. म्हणून तर कळले की, एकाच शहराचे पाणी पिणाऱ्या बायकांमध्ये पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आहे आणि मुस्लिम स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कमी. तो रकाना नसता तर मुंबईची सरासरी तेवढी हाती लागली असती. सरासरीवर उपचार करता येत नाहीत.

आफ्रिकेच्या बाबतीत सरासरी किती फसवी आहे ते पाहा. ५४ देशांचा हा खंड. २०२० च्या जागतिक अंदाजांनुसार पूर्व आफ्रिकेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ४० होते, पश्चिम आफ्रिकेत २३ आणि इजिप्त-मोरोक्कोच्या उत्तर आफ्रिकेत अवघे सहा, म्हणजे उत्तर अमेरिकेइतकेच. दक्षिणेकडील इस्वातिनी आणि मलावी हे देश तर जगात या आजाराच्या अगदी वरच्या रांगेत आहेत. तिथे एचआयव्हीचा प्रादुर्भाव मोठा आहे. एचआयव्हीबाधित स्त्रीला हा कर्करोग होण्याची शक्यता इतरांच्या सहापट असते, कारण ज्या एचपीव्ही विषाणूमुळे तो होतो त्याला हुसकावून लावण्याची ताकद तिच्या शरीरात राहत नाही. सोमालियात एचआयव्ही फार कमी. तेव्हा मलावीहून आलेली बाई आणि सोमालियातून आलेली बाई यांना एकच सल्ला देणे बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनाच एचआयव्हीबाधित स्त्रियांची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून करायला सांगते, इतरांची तिसाव्यापासून.

स्तनाच्या कर्करोगाचे गणित आणखी उलटे आहे. उत्तर अमेरिकेत दर लाख स्त्रियांमागे वर्षाला ९० च्या आसपास नवे रुग्ण आणि सुमारे १२ मृत्यू. पश्चिम आफ्रिकेत नवे रुग्ण ४१, म्हणजे निम्म्याहून कमी, पण मृत्यू २२. आजार कमी, मरण जास्त. नामिबिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झांबिया या पाच देशांत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा माग ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात तीन वर्षांनी जवळपास निम्म्याच स्त्रिया जिवंत होत्या. गाठ हाताला लागल्यापासून निदान होईपर्यंत कित्येक महिने जातात, आणि मग उपचार कुठल्या शहरात आणि कोणाच्या पैशाने, इथे बाकीचे महिने जातात.

अशा ठिकाणाहून जी बाई निघते ती कर्करोगाबद्दल काय शिकून निघते? आपल्या ओळखीत ज्यांना ज्यांना हा रोग झाला त्या सगळ्या गेल्या, हेच. लंडनच्या किंवा ह्यूस्टनच्या दवाखान्यात तिला मॅमोग्राफीचे पत्रक दिले जाते, त्यावर ‘लवकर निदान, पूर्ण बरे’ असे लिहिलेले असते. तिच्या अनुभवात असे एकही उदाहरण नसते. तिने तपासणी टाळली की डॉक्टर फाइलवर ‘दैववादी’ असा शेरा मारून मोकळे होतात. मला हा शेरा आळशीपणाचा वाटतो. तिने आजवर जे पाहिले त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा नव्हता. देश बदलला तसा तो बदलायला हवा होता, एवढेच, आणि ते तिला तिच्या भाषेत कोणी सांगितलेले नव्हते.

स्थलांतराने शरीरात काय बदलते, हाही प्रश्न आहेच. जपानी स्त्रिया हवाई आणि कॅलिफोर्नियात गेल्या तेव्हा त्यांच्यात स्तनाचा कर्करोग कमी होता. पुढच्या पिढ्यांत तो वाढत वाढत अमेरिकी प्रमाणाच्या जवळ गेला. कारणे आपल्या शहरांतही दिसतात ती: पाळी लवकर येणे, पहिले मूल उशिरा होणे, मुले कमी आणि अंगावर पाजणे कमी, वजन जास्त. आफ्रिकेतून आलेल्यांची वाट वेगळी असण्याचे कारण नाही. आज त्यांच्यात हे प्रमाण कमी दिसते याचे एक कारण असेही की, स्थलांतर करू शकणारा माणूस मुळात तरुण आणि धडधाकट असतो. हा कमी आकडा पाहून कोणी निर्धास्त झाले तर वीस वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागेल. ती मोजतील या बायकांच्या मुली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे तसे नाही. एचपीव्हीचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. म्हणजे तिशीत विमानात बसलेली बाई पंचेचाळीसाव्या वर्षी ज्या आजाराने दवाखान्यात येते, त्याची सुरुवात मायदेशी झालेली असते. ही दिरंगाई खरे तर वैद्यकाला मिळालेली मोठी सवलत आहे. दहा-पंधरा वर्षांत एकदा नीट तपासले तरी बदललेल्या पेशी सापडतात आणि पंधरा मिनिटांच्या किरकोळ उपचाराने त्या काढून टाकता येतात. आणि ही बाई त्या सगळ्या काळात एका श्रीमंत, सुसज्ज देशात राहत असते.

देशात शिरताना तिची वैद्यकीय तपासणी होते, नाही असे नाही. क्षयासाठी छातीचा एक्स-रे निघतो, सिफिलिसची चाचणी होते, लसी पाहिल्या जातात. जानेवारी २०१० पर्यंत एचआयव्हीबाधितांना प्रवेशबंदी होती, ती उठली. ‘तुझ्यापासून आम्हाला काही धोका आहे का’, एवढाच प्रश्न या तपासणीत असतो. तुला स्वतःला काय धोका आहे, हे विचारायची ती जागाच नव्हे. कर्करोग कोणाला लागत नाही, म्हणून तो शोधला जात नाही. मध्यंतरी एक गंमत झाली. २००८ मध्ये अमेरिकेने ११ ते २६ वयाच्या स्थलांतरित मुलींना एचपीव्हीची लस सक्तीची केली. स्वतःच्या नागरिक मुलींना ती सक्ती नव्हती. लस महाग, खर्च त्या मुलींच्या आईबापांनी करायचा. टीका झाली आणि २००९ च्या अखेरीस सक्ती मागे घेतली गेली. लस उत्तम आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण सरहद्दीवर वसूल केलेली लस आणि दवाखान्यात समजावून दिलेली लस यांत फरक असतो. रवांडासारख्या छोट्या देशाने २०११ पासून शाळांमधून हीच लस देऊन नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत नेली. तिथून आज अमेरिकेत शिकायला जाणारी मुलगी या बाबतीत तिच्या अनेक अमेरिकी मैत्रिणींपेक्षा सुरक्षित आहे. तिची आई मात्र नाही.

आता वयाचा मुद्दा. आफ्रिकेत स्तनाचा कर्करोग सापडतो तो सरासरी पन्नाशीच्या आसपास, अमेरिकेत साठी ओलांडल्यावर. लोकसंख्या तरुण असणे हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. ब्रिटनमध्ये मॅमोग्राफीचे बोलावणे पन्नाशीनंतर येते. अमेरिकेत ही वयोमर्यादा २०२४ मध्ये पन्नासवरून चाळीसवर आणली गेली. मधल्या दहा वर्षांत येणाऱ्या स्त्रीला ब्रिटनमध्ये स्वतःच गाठ दाखवायला जावे लागते. त्याचे फळ आकड्यांत दिसते. इंग्लंडमधल्या २०१२-१३ च्या नोंदींत स्तनाचा कर्करोग तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिश स्त्रियांत सुमारे १३ टक्के होते, कॅरिबियन वंशाच्या स्त्रियांत २२ आणि आफ्रिकन स्त्रियांत २५ टक्के. मोफत आरोग्यसेवा असलेल्या देशातले हे आकडे आहेत. तेव्हा पैसा हे एकच कारण नसते.

कर्करोगाचा प्रकारही पाहावा लागतो. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात त्या प्रकारात हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, गाठ वेगाने वाढते. डॉ. लिसा न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयांतल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा घानातल्या निम्म्याहून अधिक गाठी या प्रकारच्या निघाल्या, आफ्रिकन अमेरिकन स्त्रियांत तीस टक्के आणि इथिओपियातल्या स्त्रियांत पंधरा टक्के, म्हणजे गोऱ्या अमेरिकी स्त्रियांइतक्याच. याला इतिहास आहे. गुलामांची जहाजे भरली ती मुख्यतः आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पूर्वेला नाही. अमेरिकेतल्या नोंदींतही आफ्रिकेच्या पूर्व भागात जन्मलेल्या स्त्रियांत हार्मोनला दाद न देणाऱ्या गाठी तिथल्याच कृष्णवर्णीय स्त्रियांपेक्षा कमी आढळल्या आहेत. ‘ब्लॅक’ हा शब्द वाचून एखाद्या डॉक्टरने मनाशी काही अंदाज बांधला, तर इथिओपियाच्या बाईबाबत तो चुकण्याचीच शक्यता अधिक.

मग या बायका तपासणीला का येत नाहीत? रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोमाली रुग्णांत मॅमोग्राफी आणि पॅप चाचणी यांचे प्रमाण इतर रुग्णांपेक्षा बरेच कमी दिसले. हे सारे एकाच संस्थेचे रुग्ण, त्याच डॉक्टरांकडे जाणारे. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे उत्तर लगेच पुढे येते. संस्कृती असतेच. पण मिनेसोटातल्या सोमाली मुलांच्या गोवरलशीची हकिगत पाहा. २००४ साली या समाजातल्या दोन वर्षांच्या ९२ टक्के मुलांना लस मिळालेली होती. २०१४ मध्ये हा आकडा ४२ वर आला आणि २०१७ मध्ये गोवराची मोठी साथ आली. दहा वर्षांत कोणाची संस्कृती बदलत नाही. झाले होते असे की, आपल्या मुलांत स्वमग्नता जास्त का दिसते, असा प्रश्न आया विचारत होत्या आणि डॉक्टरांकडे त्याचे धड उत्तर नव्हते. लसविरोधकांकडे तयार उत्तर होते, खोटे, पण तयार. त्यांनी ते घरोघर पोहोचवले. ज्या समाजात बोलून माहिती पोहोचते तिथे पत्रके छापून काय होणार? सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली तीच १९७२ साली. पन्नाशीपुढच्या कित्येक जणींना ती वाचता येत नाही.

एक अडचण अशी आहे की, तिच्याबद्दल बोलायला डॉक्टरही कचरतात. सोमालियात जवळपास सर्व स्त्रियांची लहानपणी खतना झालेली असते आणि त्यातल्या अनेकींचा योनिमार्ग शिवून अरुंद केलेला असतो. पॅप चाचणीसाठी आत घालतात ते धातूचे स्पेक्युलम अशा बाईला असह्य वेदना देऊ शकते. तपासणाऱ्याने असे शरीर पूर्वी पाहिलेले नसेल तर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते तिला दिसते. आरडाओरडा करून शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्यांना बोलावणारे डॉक्टर भेटल्याचे माझ्या मैत्रिणीच्या रुग्णांनी तिला सांगितले आहे. अशी बाई पुन्हा त्या टेबलावर कशाला चढेल? कोणी ‘लाज’ म्हणेल याला. मी म्हणेन, शहाणपण.

बाकी अडचणी रोजच्या आहेत. रात्रपाळीची कामे, एकाच गाडीवर चालणारे कुटुंब, पुरुष डॉक्टर, पुरुष दुभाषा. आणि विमा. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळाल्यावरही बहुतेकांना मेडिकेड या सरकारी योजनेसाठी पाच वर्षे थांबावे लागते. निर्वासितांना यातून सूट होती, ती २०२५ च्या नव्या कायद्याने ऑक्टोबर २०२६ पासून काढून घेतली आहे. गरीब, विमा नसलेल्या स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीची संघराज्याची योजना १९९० पासून आहे आणि ती चांगली आहे. पण ज्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत त्यांना अनेक राज्यांत तपासणी मिळते आणि रोग निघाला तर उपचारांचे मेडिकेड मिळत नाही. रोगाचे नाव सांगून दारातून परत पाठवण्यासारखेच हे. त्यात जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालये, शाळा, प्रार्थनास्थळे अशा जागी स्थलांतरितांवरची कारवाई टाळण्याचे जुने धोरण सरकारने मागे घेतले. पकडले जाऊ या भीतीने छातीत दुखणारा माणूससुद्धा दवाखान्यात जायचे टाळतो. ज्या बाईला काहीच होत नाही ती तपासणीला जाईल, ही अपेक्षा मग कोणाकडून करायची?

पण उपाय हाती आहेत, आणि त्यातल्या एकाची मुळे आपल्या मातीत आहेत. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय यांच्या साहाय्याने डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. ज्या गटाला तपासणी दिली नाही त्यातल्या स्त्रियांचे काय, असा नैतिक प्रश्न त्यावर उपस्थित झाला आणि तो रास्त होता. त्या स्त्रियांचे ऋण मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटना आज जगभरच्या स्त्रियांना एचपीव्हीची चाचणी आधी करायला सांगते, त्यामागे तुळजापूर-परांड्याकडच्या बायकाही उभ्या आहेत.

एचपीव्ही चाचणीची खुबी अशी की, तिला स्पेक्युलम लागत नाही. कापसाच्या बोळ्यासारखा छोटा ब्रश बाई स्वतः, आपल्या घरात, दार लावून आत फिरवू शकते. असा घरी घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो, असे पीसीआर पद्धतीच्या चाचण्यांबाबत दिसून आले आहे. मिनेसोटातल्या सोमाली स्त्रियांवरच एक छोटा प्रयोग झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ६३ जणी. त्यांतल्या ३२ जणींना घरी वापरायचे किट दिले आणि ३१ जणींना दवाखान्यात जाऊन पॅप करून घ्यायला सांगितले. तीन महिन्यांत किट मिळालेल्यांपैकी २१ जणींची चाचणी झाली, दवाखान्यात जाणाऱ्यांपैकी सहा जणींची. संख्या लहान आहे, हे खरे. पण त्याच बायका, तीच संस्कृती, तोच धर्म. बदलले ते एवढेच की, टेबलावर चढावे लागले नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दवाखान्यात स्वतः नमुना घ्यायला परवानगी दिली आणि २०२५ मध्ये घरी वापरायच्या पहिल्या साधनाला.

यात एक खड्डा आहे, तो सांगितला पाहिजे. किटने विषाणू सापडतो, उपचार होत नाही. चाचणी सदोष आली की बाईला टेबलावर चढावेच लागते आणि नेमक्या त्या वळणावर ती हरवते. म्हणून किटबरोबर माणूस हवा. त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी, पगारी कार्यकर्ती, आपल्याकडच्या ‘आशा’ताईसारखी. ‘पगारी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अनुदान संपले की जी घरी बसते तिच्यावर कोणताही कार्यक्रम उभा राहत नाही, हे आपण आपल्याच ‘आशां’च्या संपांवरून जाणतो. स्तनाच्या कर्करोगाला तर असे घरपोच किटही नाही. तिथे फिरती मॅमोग्राफी व्हॅन, बाई तंत्रज्ञ आणि चाळिशीच्या आतल्या बाईनेही गाठ दाखवली तर तिला ‘तरुण आहेस, काही नसेल’ म्हणून परत न पाठवणारा डॉक्टर, एवढेच हाती आहे. यातले शेवटचे फुकट आहे.

राहिला रकाना. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने वंशाच्या नोंदींचे नियम बदलले. आता ‘ब्लॅक’च्या खाली आफ्रिकन अमेरिकन, जमैकन, हैतियन, नायजेरियन, इथिओपियन, सोमाली असे पोटरकाने ठेवायचे आहेत. अंमलबजावणीला खात्यांना पाच वर्षे दिली गेली. ज्या सरकारच्या काळात हा नियम झाला ते आता नाही. शिवाय तो पाळला गेला तरी मला एक शंका आहे. जी नोंद बाईच्या भल्यासाठी हवी तीच नोंद तिला शोधून काढायलाही वापरता येते. सोमाली आहेस का, असे सरकारी कागदाने विचारल्यावर मिनिॲपोलिसमधली बाई आज खरे उत्तर देईल का? आरोग्याची नोंद पोलिसांच्या हाती जाणार नाही, याची हमी कायद्याने दिल्याशिवाय चांगले रकानेही कोरेच राहतील.

मैत्रिणीला मी शेवटी त्या बाईचे विचारले. किरणोपचार आणि केमोथेरपी पूर्ण झाली आहे, गाठ आकसली आहे, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. कामावर परत जायची घाई करते आहे. मुलाला अजून कर्करोग कुठला ते सांगितलेले नाही, ‘पोटाचा’ एवढेच सांगितले आहे. गेल्या भेटीत तिने फोनवरच्या दुभाषी बाईकरवी दोन गोष्टी विचारल्या. तिची सोळा वर्षांची मुलगी आहे, तिला लस आता दिली तर चालेल का? आणि ओहायोत कोलंबसला तिच्या दोन बहिणी राहतात, त्यांना ते घरी वापरायचे किट टपालाने पाठवता येईल का? पहिल्याचे उत्तर मैत्रिणीने तिथल्या तिथे दिले आणि मुलीला पुढच्याच आठवड्यात पहिला डोस मिळाला. दुसऱ्यासाठी ती कोलंबसमध्ये एखादी बाई डॉक्टर शोधते आहे.